आदरार्थी

बाड दोनशे एकतीस.
शके चौदाशेच्या पुढचा आकडा कसरीनं खाल्लेला.
पहिली चार पानं नाहीत,
म्हणून गोष्ट सुरू होते ती एकदम
सुप्याच्या माळावर,
बाभळीला अडकवलेल्या पागोट्यापासून.

नाईक रात्री बाहेर पडत,
अंगरखा घडी करून दगडाखाली ठेवत
आणि चार पायांनी माळ ओलांडत.
का, ते सांगणारा सांगत नाही.
शाप कुणाचा, पाप कोणतं,
गेलं असेल त्या चार पानांबरोबर.
किंवा ओठाशी आलेलं त्यानं गिळलं असेल.
मला हे दुसरं खरं वाटतं.

तो कुठे उभा होता, हा माझा जुना प्रश्न.
दगड केवढा होता हे त्याला ठाऊक आहे.
अंगरख्याचा तिसरा बंद तुटलेला, हेसुद्धा.
इतक्या जवळून पाहणारा
एक हाक मारू शकला असता.
मारली नाही.
बोरू टोकला.

मग ती पहाट.
नाईक दगडाशी आले, अंगरखा हुंगला,
बराच वेळ हुंगला,
आणि कुणा परक्याचा असावा तसा
तिथेच ठेवून निघून गेले.

पुढे कुत्री, दोर, कचेरी.
बाईंना विचारलं, हे तुमचेच काय?
बाई म्हणाल्या, आधी कुत्री हाकला.
एवढंच. हो नाही, नाही नाही.
सांगणाऱ्यानं त्यांच्या तोंडी याहून शब्द घातला नाही,
आणि पुढच्या ओळीत लिहिलं:

*लांडगे बैसले. लांडगे पाणी पियाले.
लांडगे सभेसी पाहत राहिले.*

लांडगा एकच. क्रियापद अनेकवचनी.

समासात खासनीस सरांची लाल पेन्सिल:
लेखनिकाचा प्रमाद. ‘लांडगा बैसला’ असे वाचावे.
एकोणीस ठिकाणी.
मी तेव्हा बावीस वर्षांची, त्यांना पानं उलटून देत होते.
टेबलापलीकडच्या खिडकीत वेताळ टेकडी,
तेव्हा ती नुसतीच टेकडी होती.
सर म्हणाले, बघ, साधं वचन कळत नव्हतं यांना.
मी मान डोलावली. ती मान अजून दुखते.

सगळा गाव एकवचनावर उतरला होता.
दोरवाले, कुत्रेवाले, कारकून, सगळे.
एकट्या सांगणाऱ्यानं ‘ते’ सोडलं नाही.
सोडवणं त्याच्या हातात नव्हतं,
व्याकरण होतं.

गुरुवारी मी डेक्कनवरून बस धरते.
कर्वेनगर, तिसरा मजला, सेफ्टी डोअरला आतून कुलूप.
नागनाथ उघडतो. मूळचा उदगीरचा,
मनगटाला पट्टी.
‘रातभर हिंडला बाई. पहाटं चावला मला.’
सांगता सांगता संत्र्याच्या बिया काढून
एकेक फोड सरांच्या ओठांशी धरतो.
वाईट माणूस नाही. सातशे रुपयांत रात्र काढतो.

मी सरांचा तपकिरी कोट पुढे केला.
त्यांनी तो हुंगला
आणि अगदी सभ्यपणे मला परत दिला.

जाताना दारात म्हटलं,
नागनाथ, चावले म्हणावं. हिंडले म्हणावं.
तो हसला. ‘एकच तर हाय की बाई.’

शुक्रवारी पोथीशाळेत खोडरबर घेऊन बसले.
लाल पेन्सिल पुरती जात नाही,
कागद गुलाबी होतो, केसाळ होतो.
सात झाले. बारा राहिले.

शेवट काय झाला?
शेवटचं पान आहे, शाबूत आहे.
सांगणारा लिहितो, *मज पुसूं नका.
ते गेले तिकडे मी पाहिलें नाहीं.*

इतकं पाहिलेला माणूस हे म्हणतो.
ते गेले, म्हणतो.